शेवटाचे पैसे कोणी देत नाही

माझी थोरली आत्या राजस्थानातील शेखावाटी भागातल्या एका गावात राहत असे. बाराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि पंधराव्या वर्षी ती सासरी नांदायला गेली. या दोन घटनांच्या मधल्या तीन वर्षांविषयी तिने घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. २१ जुलै २००८ रोजी ‘कलर्स’ ही नवी वाहिनी सुरू झाली आणि त्याच दिवशी ‘बालिका वधू’ ही मालिका पडद्यावर आली. त्यानंतर रात्री आठ वाजता आत्याच्या घरात मोठ्याने बोलायचे नाही, असा नियमच झाला. आठ वर्षांच्या आनंदीचे लग्न लागते आणि आपल्या बाबतीत नेमके काय घडते आहे हे तिला कळतही नाही, ते आत्याने डोळ्यांची पापणी न लवू देता पाहिले. भाग संपल्यावर मग ती आपल्या सुनांना आणि नातींना स्वतःच्या त्या तीन वर्षांविषयी सांगू लागली. पन्नास वर्षे जे कोणी विचारले नव्हते, ते एका मालिकेने तिच्याकडून वदवून घेतले.

२०१५ च्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो, तेव्हा आठ वाजून गेले तरी दूरचित्रवाणी संच बंद होता. मी आठवण केली तर ती म्हणाली, “आता नाही बघत. घडतं पुष्कळ रे त्यात, पण कोणाचंच काही कायमचं होत नाही.” थोड्या वेळाने तिने मनातले खरे दुखणे बोलून दाखवले. “आईला ज्यातून बाहेर काढायला इतकी वर्षं घालवली, त्यातच पुन्हा तिच्या मुलीला ढकललं. मग आम्ही एवढी वर्षं बघितलं काय?”

भारतीय दूरचित्रवाणीवर मी बरीच परिसंवादी भाषणे ऐकली आहेत, परंतु दीर्घ मालिकांच्या अधोगतीचे इतके नेमके निदान मला अन्यत्र आढळले नाही. म्हणून आज तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न करतो आहे.

प्रथम त्या मालिकेचे काय झाले ते पाहू. आरंभीची काही वर्षे ‘बालिका वधू’ने बालविवाहाचे जे चित्रण केले, ते भडक नव्हते. सुरेखा सिक्री यांनी साकारलेली दादीसा ही केवळ खलनायिका नव्हती. ज्या रूढीने तिला घडवले, तीच रूढी ती प्रेमाने आणि निष्ठुरतेने पुढे चालवत होती. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा नुकताच अमलात आला होता आणि त्या कायद्याला जे साधत नव्हते, ते ही कथा घराघरांत करत होती. २००९ मध्ये शरद यादव यांनी लोकसभेत या मालिकेवर आक्षेप घेतला आणि बेकायदा प्रथेचे चित्रण बंद करण्याची मागणी केली. तो आक्षेप चुकीचा होता, पण मालिकेचे वजन किती होते हे त्यावरून कळते.

पुढे आनंदी मोठी झाली, तिचा नवरा दुसरीच्या मागे गेला, ती सरपंच झाली आणि एका जिल्हाधिकाऱ्याशी तिने पुनर्विवाह केला. कथा इथे संपायला हवी होती. परंतु ती संपली नाही. जिल्हाधिकारी पती दहशतवाद्यांशी लढताना मारला गेला. आनंदीची तान्ही मुलगी पळवली गेली आणि दुसऱ्या नावाने वाढून तीही बालवधू झाली. अखेर आनंदीला गोळी घालून मारण्यात आले, कथेने अनेक वर्षांची उडी घेतली आणि मुलगी डॉक्टर होऊन परतली. ३१ जुलै २०१६ रोजी, दोन हजारांहून अधिक भागांनंतर, मालिका संपली. तोवर आनंदीची भूमिका तीन अभिनेत्रींनी केली होती आणि आत्यासारखे प्रेक्षक केव्हाच निघून गेले होते.

दरम्यान देश कोठे पोहोचला होता? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, वीस ते चोवीस वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले, त्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ४७ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये सुमारे २७ टक्क्यांवर आणि २०१९-२१ मध्ये सुमारे २३ टक्क्यांवर आले. खुद्द राजस्थानात याच काळात ते ६५ टक्क्यांवरून ३५ आणि नंतर २५ टक्क्यांवर उतरले. याचे श्रेय एका मालिकेला देणे हास्यास्पद ठरेल. मुलींचे शिक्षण, रस्ते, कायदा, स्थलांतर अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. २३ टक्के हे प्रमाणही लाजिरवाणेच आहे, त्यामुळे विषय संपला होता असेही कोणी म्हणणार नाही. मात्र आत्याच्या गावातल्या मुली सायकलवरून दहावीच्या वर्गात जाऊ लागल्या होत्या. त्या मुलींचे पुढे काय होते, त्यांना नोकरी मिळते का, घरात त्यांचे कोण ऐकते, ही नवी कथा समोर उभी होती. मालिकेने ती सांगितली नाही. जुनेच संकट मुलीच्या वाट्याला देऊन तिने घड्याळाचे काटे मागे फिरवले.

क्लृप्ती कशाला म्हणावे, याची कसोटी आत्याच्याच वाक्यात आहे. जी घटना घडते पण जिचा परिणाम उरत नाही, ती क्लृप्ती. मृत्यू झाला तर माणूस परत येता कामा नये. परत येणार असेल तर तो मृत्यू नव्हता, ती केवळ जाहिरात होती. या कसोटीवर आपल्या दूरचित्रवाणीचा इतिहास तपासता येतो. ‘क्यों की सास भी कभी बहू थी’ ही मालिका ३ जुलै २००० रोजी सुरू झाली. मिहिरच्या मृत्यूने देशभरातील प्रेक्षक हळहळले, मिहिर परत आला आणि त्या एका घटनेने सगळ्या वाहिन्यांना धडा दिला: मृत्यू उलटवता येतो आणि दोन्ही वेळा प्रेक्षक मिळतो. त्यानंतर हमशकल, स्मृतिभ्रंश, चेहऱ्याची शस्त्रक्रिया आणि वीस वर्षांची ‘लीप’ हे नेहमीचे साहित्य झाले. १२ जानेवारी २००९ पासून सुरू असलेल्या ‘ये रिश्ता क्या कहलाता है’मध्ये नायिकांच्या पिढ्यांमागून पिढ्या होऊन गेल्या, एक नायिका २०२१ च्या आरंभी मरण पावली, तेव्हा तिच्याच चेहऱ्याची एक मुष्टियोद्धी कथेत दाखल झाली. ‘ससुराल सिमर का’ ही २०११ मध्ये दोन बहिणींच्या आणि एकीच्या नृत्याच्या स्वप्नाच्या गोष्टीने सुरू झाली होती. २०१६ मध्ये तिची नायिका माशी झाली. अक्षरशः माशी.

त्या माशीवर देशभर विनोद झाले. ते स्वाभाविकच होते. पण विनोदाबरोबर एक निष्कर्षही रूढ झाला, तो मला अन्यायाचा वाटतो. प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये ग्रामीण घरांची आकडेवारी देण्यास सुरुवात केली. त्यानंतर नागिणी, डाकिणी आणि जादूटोणा यांचे पीक आले, तेव्हा शहरी टीकाकारांनी दोष गावाकडच्या प्रेक्षकाला दिला. माझी आत्या गावाकडचीच प्रेक्षक होती. ‘नागिन’ला मी क्लृप्ती मानत नाही, ती पहिल्या दिवसापासून नागिणीचीच गोष्ट होती आणि तिने कोणालाही फसवले नाही. फसवणूक होते ती घरातल्या माणसांची गोष्ट सांगतो म्हणून बोलावून माशी दाखवण्यात. आणि ही फसवणूक प्रेक्षकांच्या मागणीतून जन्मत नाही. ती कोठून जन्मते, हे पाहायचे तर मुंबईत जावे लागते.

हिंदी मालिकांची दुनिया गोरेगावची चित्रनगरी, मीरा रोड आणि वसईजवळचे नायगाव या पट्ट्यात वसलेली आहे. तिथे अनेक वर्षे मालिका लिहिणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या आठवड्याची रचना ते अशी सांगतात: गुरुवारी आकडे येतात. आकडा घसरला असेल तर दुपारी वाहिनीच्या कार्यालयात बैठक होते आणि संध्याकाळपर्यंत नवा ‘ट्रॅक’ मागितला जातो. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची शिल्लक म्हणजे ‘बँक’. दोन-चार वर्षे चाललेल्या मालिकेत ती जवळपास शून्यावर आलेली असते. त्यामुळे सकाळी लिहिलेली पाने दुपारी सेटवर जातात आणि कधी कधी दुसऱ्याच दिवशी प्रसारित होतात. “लोक विचारतात, तुम्हाला माशी सुचली कशी?” ते मला एकदा म्हणाले. “अहो, दोन हजार भागांनंतर आणि हातात चार तास असताना माशी सोडून दुसरं काय सुचणार?”

या घाईच्या मुळाशी पैशाची एक साधी रचना आहे. वाहिनी निर्मात्याला दर भागामागे पैसे देते. कथेची मालकी बहुधा वाहिनीकडे जाते. लेखक, कलावंत, प्रकाशयोजनाकार, रंगभूषाकार, स्पॉटबॉय या सर्वांचे उत्पन्न भाग चालू राहण्यावर अवलंबून असते. बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि कामानंतर नव्वद दिवसांनी मोबदला, ही या क्षेत्राची जुनी रूढी आहे. म्हणजे मालिका आज संपली तर तीन महिन्यांची थकबाकी हाती येईपर्यंत नवे काम मिळालेले असेलच याची खात्री नाही. अशा परिस्थितीत कथा संपवा असे कोण म्हणणार? वाहिनीला नव्या मालिकेची जोखीम नको असते. तिच्या नावाची ओळख प्रेक्षकांत रुजवण्यावर झालेला खर्च पुन्हा करावा लागतो. निर्मात्याला उभारलेला सेट मोडायचा नसतो. या संपूर्ण साखळीत चांगल्या शेवटाचे पैसे कोणालाच मिळत नाहीत. लांबणाऱ्या प्रत्येक भागाचे मात्र सर्वांना मिळतात.

त्यातच मोजमापाचा दोष मिसळतो. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशात दूरचित्रवाणी असलेली सुमारे २३ कोटी घरे आहेत आणि मोजणीची यंत्रे सुमारे ५८ हजार घरांत आहेत. म्हणजे प्रत्येक यंत्र जवळपास चार हजार घरांच्या वतीने बोलते. मोठ्या आकड्यांच्या काळात हे खपून जात असे. ‘क्यों की’च्या ऐन भरात तिचा टीआरपी वीसच्या पुढे गेला होता, आज हिंदीतली अव्वल मालिकाही दोन-अडीचच्या आसपास असते. दोन्ही मोजमापे एकाच पट्टीची नाहीत, तरी विखुरलेल्या प्रेक्षकाचे चित्र त्यातून स्पष्ट होते. इतक्या लहान आकड्यांत एका आठवड्याची दशांशाची घसरण हा खरा कल असू शकतो किंवा निव्वळ योगायोगही असू शकतो. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल की, यावर निर्णय घेण्यापूर्वी थांबावे. गुरुवारच्या बैठकीत कोणी थांबत नाही. अपघात, अपहरण, पुनर्जन्म यांची निवड अनेकदा त्या दशांशावर होते.

हा मनोरंजनाचा फुटकळ प्रश्न आहे, धोरणाच्या स्तंभात त्याला जागा कशाला, असे वाचकांना वाटेल. माझे उत्तर दोन बाजूंनी आहे. पहिली बाजू इतिहासाची. या देशात दीर्घ मालिकेचा जन्मच धोरणातून झाला. नागपूरचे वसंत साठे हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना १९८२ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी आली; मेक्सिकोतील सामाजिक मालिकांचा आदर्श भारतात आणण्याची कल्पनाही त्यांच्याच तेथील दौऱ्यातून आल्याचे सांगितले जाते. त्यातून मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली. आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार होता आणि प्रेक्षक कंटाळले. तेव्हा उपदेश कमी करून माणसांना वाव देण्यात आला. दीडशेच्या आसपास भाग झाले आणि डिसेंबर १९८५ मध्ये ती संपली. ‘बुनियाद’ संपली, ‘रामायण’ संपले, ‘महाभारत’ संपले. त्या कथा चाळीस वर्षांनंतरही लोकांना सांगता येतात, याचे एक कारण असे की त्यांना शेवट आहे.

दुसरी बाजू परिणामांची. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली या पाच ठिकाणच्या माहितीच्या आधारे २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या खेड्यांत नव्याने केबल पोहोचली, तिथे पत्नीला मारहाण योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला आणि प्रजननदरही उतरला, असे त्यांना आढळले. तो काळ सासू-सुनांच्या मालिकांच्या भरभराटीचा होता, हे लक्षात घ्यावे. म्हणजे ज्या मालिकांना आपण नाके मुरडतो, त्यांतून खेड्यातल्या बाईला वेगळ्या प्रकारे जगणाऱ्या बाया दिसत होत्या. ज्या माध्यमात एवढी शक्ती आहे, त्यातली कथा पोकळ होत जाणे ही केवळ अभिरुचीची हानी नाही.

मर्यादित कथांना इथे प्रेक्षक नाही, हेही खरे नाही. जून २०१४ मध्ये ‘जिंदगी’ या वाहिनीने पाकिस्तानी मालिका दाखवायला सुरुवात केली. सव्वीस भागांत संपणारी ‘जिंदगी गुलजार है’ भारतीय घरांत किती आवडीने पाहिली गेली, हे अनेकांना आठवत असेल. उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ मध्ये त्या मालिका थांबल्या. त्यांच्याकडून शिकण्याजोगी गोष्ट, म्हणजे गोष्ट संपवण्याची शिस्त, आपण घेतली नाही.

मग करायचे काय? बंदी आणि आचारसंहितेचा मार्ग मला मान्य नाही. २००९ मध्ये संसदेत जे ऐकू आले, त्या वाटेने गेलो तर माशीबरोबर दादीसाही जाईल. उपाय कथेत हस्तक्षेप करण्याचा नाही, कथेभोवतीची रचना दुरुस्त करण्याचा आहे. पहिला उपाय तर हाताशीच आहे. २०२० मधील टीआरपी प्रकरणानंतर वृत्तवाहिन्यांचे मोजमाप थांबवण्यात आले आणि मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा साप्ताहिक आकड्यांऐवजी चार आठवड्यांची सरासरी देण्याची पद्धत स्वीकारली गेली. साप्ताहिक आकडा वृत्तवाहिन्यांना उथळ करतो, हे आपण मान्य केले. तोच आकडा मालिकांनाही उथळ करतो, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ही पद्धत मनोरंजन वाहिन्यांना लागू केली तर गुरुवारची दहशत कमी होईल. नमुना घरांची संख्या वाढवण्याची चर्चा चालू आहे; ती तातडीने पूर्ण व्हावी.

दुसरा उपाय कामगार आणि मोबदल्याचा. नव्वद दिवसांची रूढी मोडून तीस दिवसांत पैसे मिळाले आणि करारातच भागांची संख्या निश्चित असली, तर मालिका संपणे हे शेकडो घरांवरचे संकट राहणार नाही. महाराष्ट्र शासनाने यात पुढाकार घ्यावा. कारण या उद्योगाचे हात महाराष्ट्रात राबतात आणि चित्रनगरीही राज्याच्याच अखत्यारीत आहे. तिसरा उपाय प्रसार भारतीचा. ज्या संस्थेने शेवट असलेली मालिका या देशाला दिली, तिने पुन्हा शंभर-सव्वाशे भागांच्या, आधी पूर्ण लिहून झालेल्या मालिका सन्मानाचा मोबदला देऊन करवून घ्याव्यात. खासगी वाहिन्या स्पर्धेमुळे का होईना, त्या वाटेने येतील.

तशी चाहूल लागलीच आहे. २९ जुलै २०२५ रोजी ‘क्यों की’ स्मृती इराणी यांच्यासह परतली, तेव्हा ती मर्यादित भागांचीच असेल असे आधी सांगण्यात आले होते. न संपणाऱ्या मालिकांची परंपरा ज्या नावाने रुजवली, त्याच नावालाही शेवटाचे आश्वासन द्यावेसे वाटले, ही लक्षणीय गोष्ट आहे. त्याच मालिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये बिल गेट्स व्हिडिओ कॉलवर दिसले; विषय होता गरोदर माता आणि नवजात बालकांच्या आरोग्याचा. काहींनी त्याला क्लृप्ती म्हटले, काहींनी समाजसेवा. मला वाटते, याचा निवाडाही त्याच कसोटीवर व्हावा: त्या प्रसंगानंतर कथेतल्या एखाद्या गरोदर बाईच्या आयुष्यात काही बदलले का, आणि ते तसेच राहिले का?

आत्या आता नाही. तिची धाकटी नात जयपूरला परिचारिका आहे. गेल्या वर्षी भेटली तेव्हा मी तिला विचारले, आजीबरोबर ती मालिका पाहिल्याचे आठवते का? म्हणाली, “शेवट आठवत नाही, बघितलाच नाही. पण आजी आम्हाला सगळं सांगायला लागली, तो दिवस आठवतो. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना सांगितलं होतं, या पोरींच्या लग्नाचं बारावीआधी नाव काढायचं नाही.” आणि खरोखरच त्यानंतर त्या घरात ते नाव कोणी काढले नाही.